उळवप्पा मेटींची बंद पिशवी

काळजी करणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. माझी आई तशी होती. तिच्या काळज्यांना कंटाळून मी निपाणी सोडली आणि लग्न करून धारवाडला आले, असं मी गमतीनं सांगत असते. इथं आले तर घर कुणाच्या भिंतीला भिंत लागून मिळालं? उळवप्पा मेटींच्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. याला एकतीस वर्षं झाली.

उळवप्पा बसस्टँडवर कंट्रोलर. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्या वेळेवर सोडल्या आणि स्वतः घर ते स्टँड एवढाच प्रवास केला. माझा मुलगा पुण्याला नोकरीला निघाला तेव्हा माझे डोळे कोरडे होते. हेच आपले दर तासाला कुंपणापाशी यायचे. "शालनक्का, फोन करून बघा हो, गाडी कराड सोडून गेली का. घाटात धुकं असतं." गल्लीत सगळे त्यांना हसायचे. उळवप्पा झोपताना उशाशी छत्री घेतात, स्वप्नात पाऊस आला तर काय घ्या, असं पोरं म्हणायची. संक्रांतीला अख्खं धारवाड भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन नदीवर जायचं आणि मेटींचं घर गच्चीवर बसून जेवायचं. कारण उळवप्पांना पाणी चालत नसे. वाहतं पाणी बघितलं तरी त्यांचा हात गळ्याशी जायचा.

त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती, ती म्हणजे त्यांची पूजा. मेटी लिंगायत. सकाळी अंघोळ झाली की आई नीलव्वा, बायको कस्तुरी आणि मुलगी दानेश्वरी पुढच्या खोलीत ओळीनं बसायच्या, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन. ती पूजा झाल्याशिवाय त्या घरात कुणी पाण्याचा घोटही घेत नसे. उळवप्पा मात्र पहाटेच उठून मागच्या खोलीत एकटे बसत, आतून कडी लावून. नीलव्वाला त्याचा कोण अभिमान! "माझ्या लेकाची भक्ती चारचौघांत मिरवायची नाही," असं ती सांगायची. त्यांचं नावही तिनं उळवीच्या, त्या जंगलातल्या लिंगायतांच्या तीर्थाच्या, नवसावर ठेवलेलं.

तर जानेवारीच्या अखेरीला उळवप्पा निवृत्त होणार होते. दानी हुबळीच्या बँकेत नोकरीला. एका रविवारी ती घरात शिरता शिरताच म्हणाली, "अप्पा, दांडेलीला जायचं. दोन दिवस. जंगलातली खोली ठरवलीय, काळी नदीत राफ्टिंग पण. चौघांची नावं दिलीत."

त्यानंतरचं सगळं मी घरातल्याच शिलाईच्या दुकानात मशीनवर बसून ऐकलं. भिंत पातळ आहे, आणि मी काही कानात बोळे घालून शिवत नाही.

"जळवा असतात तिथं."

"जळवा पावसाळ्यात, अप्पा. आत्ता जानेवारी आहे."

"हत्ती?"

"हत्तींना निरोप धाडलाय, मेटीसाहेब येताहेत, बाजूला व्हा म्हणून."

"चेष्टा नको. वर धरण आहे. एकाएकी पाणी सोडलं तर?"

"पाणी सोडल्यावरच होडी चालते हो अप्पा! सोडायची वेळ ठरलेली असते. तुमच्या गाड्यांपेक्षा पक्की."

हे त्यांना लागलं. मग कस्तुरी म्हणाली, "जाऊ या की हो. लग्नाला तीस वर्षं झाली, मी जंगल बघितलंय ते कॅलेंडरवर."

शेवटी त्यांनी आईची ढाल पुढे केली. "अव्वा, तू तरी सांग हिला. आपल्या घरात पाण्यात कुणी उतरत नाही."

सगळ्यांना वाटलं, म्हातारी आता दानीची खरडपट्टी काढणार. पण नीलव्वानं शांतपणे विचारलं, "दांडेलीपासून उळवी किती लांब गं?"

"दीड-दोन तास, अज्जी."

"मग आधी उळवी. तिथं चौघांनी एका ओळीत पूजा करायची. ते झालं की मग जंगलात जा नाहीतर झाडावर चढा."

झालं. जाणं ठरलं.

नीलव्वाची आणखी एक अट होती आणि ती माझ्याकडे आली. लिंगाची चांदीची डबी गळ्यात दोऱ्यानं लटकते. नदीच्या उसळत्या पाण्यात दोरा तुटला तर? "लिंग गेलं की जीव गेला," असं ती म्हणायची, आणि हे तिच्या लेखी नुसतं बोलणं नव्हतं. मला चार पिशव्या शिवायला सांगितल्या. डबी आत ठेवून दोन नाड्यांनी छातीशी घट्ट बांधायच्या, वरून लाइफ जॅकेट. मी डबीला हात लावत नाही, तेवढं मला निपाणीपासून कळतं. ज्यानं त्यानं आपली डबी धरायची आणि मी लांबून दोरीनं माप घ्यायचं, असं चाललं होतं. तिघींची मापं झाली. उळवप्पा दारातच उभे. "माझं माप कशाला? अव्वाच्या मापानंच शिवा," म्हणाले आणि ड्युटी नसताना स्टँडवर निघून गेले.

पुढचे दोन आठवडे या माणसानं जी तयारी केली, ती बघून कुणालाही वाटावं की घर लढाईवर निघालंय. हळियाळच्या गाड्यांवरच्या प्रत्येक वाहकाला गाठून रस्ता विचारला. दांडेलीतल्या तीन दवाखान्यांचे नंबर कस्तुरीच्या, दानीच्या आणि माझ्याही फोनमध्ये घातले. मी धारवाडातच राहणार होते, तरी. राफ्टिंगवाल्यांचा अर्ज आला, त्यात 'पोहता येतं का' या प्रश्नापुढे त्यांनी चौघांच्याही नावावर 'नाही' लिहिलं आणि खाली रेघ मारली. एक वही केली. दानीनं ती मला आणून दाखवली. पानावर मथळा होता, 'काय काय होऊ शकतं'. खाली आकडे. एक, होडी उलटणे. दोन, अव्वाला चक्कर. नऊ, अस्वल. सोळा, दानीचा चष्मा वाहून जाणे. असं सव्वीसपर्यंत. सत्ताविसाचा नुसता आकडा होता, पुढं काही लिहिलेलं नव्हतं.

"थकले वाटतं अप्पा," मी म्हटलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

कारण माणूस खरोखरच वाळत चालला होता. जेवण तुटलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती मोठी दिसायला लागली. आणि एक दिवस स्टँडवर त्यांनी बेळगावची गाडी चुकीच्या फलाटावर पुकारली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. लोक सामान घेऊन इकडून तिकडे धावले. कस्तुरी माझ्याकडे येऊन रडली. "शालनक्का, नको बाई ती दांडेली. यांना काहीतरी होईल. पण आता म्हातारी ऐकत नाही. उळवी म्हटल्यापासून तिनं प्रसादाच्या गोड मादलीचे दोन डबे करून ठेवलेत."

निघायला चार दिवस होते. भर दुपारी उळवप्पा माझ्या दुकानात आले. मी दिलेली पिशवी त्यांच्या हातात होती, आत डबी घातलेली.

"शालनक्का, हिला टाके घाला. चारही बाजूंनी."

"चारही बाजूंनी? मग उघडायची कशी?"

"उघडायची नाही."

"अहो, पिशवी आहे का थडगं?" माझी जीभ अशीच आहे. "पाण्यात दीड तास जायचंय तुम्हाला, समुद्र ओलांडून लंकेला नाही."

ते हसले नाहीत. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "मशीन चालू ठेवा."

"का?"

"कस्तुरी घरात आहे. भिंत पातळ आहे."

मी एक रिकामं फडकं घेतलं आणि त्यावर उगीच शिलाई मारत राहिले. ते मशीनच्या आवाजाखाली बोलत होते, माझ्याकडे न बघता.

सतरा वर्षांचे असताना ते बैलगाडीनं उळवीच्या जत्रेला गेले होते, आईवडिलांबरोबर. वाटेत काळी नदीच्या काठी मुक्काम पडला. आई बजावून सांगत होती, पाण्यात उतरू नको, गळ्यात लिंग आहे. गाडीवरची पोरं उतरली, हेही उतरले. वर आले तेव्हा गळा मोकळा होता. अंधार पडेपर्यंत बुड्या मारल्या. डबी सापडली, काठाजवळच्या मुळांत अडकलेली, झाकण उघडं. आत काही नव्हतं. शेवटच्या बुडीत हाताला एक काळा गुळगुळीत गोटा लागला, साधारण तेवढाच. तो फडक्यात गुंडाळून डबीत घातला.

"म्हटलं, आजची रात्र जाऊ दे, उद्या अव्वाला सांगू. उद्या जमलं नाही. जत्रा झाल्यावर सांगू म्हटलं. मग पुढच्या वर्षी माझे अप्पा गेले."

माझा पाय थांबला.

"चालू ठेवा, चालू ठेवा. मग कुणाला सांगणार? अव्वा म्हणाली असती, बापाला खाल्लंस. आणि ते खरंच होतं. लिंग माझं गेलं, जीव त्यांचा गेला. कस्तुरीची दोन बाळंतपणं वाया गेली, तेव्हाही मला ठाऊक होतं कशामुळं. दानी रस्ता ओलांडते ना, तरी मला वाटतं, आता माझा हिशेब होणार. एक्केचाळीस वर्षं झाली, शालनक्का. आता अव्वा सगळ्यांना एका ओळीत बसवणार, हातावर लिंग घ्या म्हणणार. पिशवी शिवलेली असली म्हणजे सांगता येईल, पाण्यासाठी बंद केलीय."

"मला का सांगताय हे?"

"तुम्ही आमच्यातल्या नाही, म्हणून."

हे ऐकून मला जरा लागलं. एकतीस वर्षं यांच्या ताटातली भाजी माझ्या ताटात आलीय. पण तेव्हा रागावणार कुणावर? अव्वाला जाऊन सांगा, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्यांनी डबीवर हात ठेवला होता, मी कडेकडेनं टाके घातले, दुहेरी. आणि त्या दिवसापासून त्यांची काळजी मला लागली. चार दिवस मला नीट झोप नाही. दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या जोडल्या. म्हातारीनं कुंपणावरून नुसती हाक मारली तरी मी दचकत होते.

निघायचा दिवस उजाडला. गाडी सहा दहाची, हळियाळमार्गे. सव्वापाचला नीलव्वाची हाक आली. पिशवीची नाडी तिच्या काखेत काचत होती. मी कात्री आणि दोरा घेऊन गेले. पुढच्या खोलीत सामान मांडलेलं. मादलीचे डबे, कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधलेली, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, उळवप्पांची वही सगळ्यात वर. अंघोळी झालेल्या. मी नाडी सैल करून दिली.

"चला," नीलव्वा घोंगडीवर बसत म्हणाली, "पूजा करून निघू. गाडीचा काय भरवसा. उळवीत परत करू, पण आज घरातूनच सगळे एका ओळीत. उळव, ये, बैस."

"माझी झाली, अव्वा."

"कधी झाली? आत्ता तर अंघोळ करून आलास. केसाचं पाणी गळतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "अव्वा, माझी पिशवी शालनक्कांनी शिवून टाकलीय. पाण्यात धोका नको म्हणून. परत आल्यावर उघडू."

नीलव्वा त्यांच्याकडे बघत राहिली. तिला मोतीबिंदू आहे, पण बघणं अजून तसंच आहे. "परत आल्यावर? म्हणजे दोन दिवस पूजा नाही? मग जेवणार कसा तू?"

अस्वलापासून चष्म्यापर्यंत सव्वीस गोष्टींचा विचार केलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. पूजेशिवाय पाणी न पिणाऱ्या घरात तो पूजाच शिवून बसला होता.

"काय खुळ्यासारखं करतोस! ए मराठी, उसव ते." म्हातारी मला हाक मारते ती अशीच.

मी कात्री घेऊन उभी. ब्लाउज उद्या नक्की मिळेल असं मी रोज चार बायकांना सांगते, पण त्या घटकेला मला एक साधी थाप सुचेना. उळवप्पा उठले, माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि आईसमोर येऊन बसले. एकेक टाका तोडला. दुहेरी टाके, वेळ लागला. मग डबी उघडली, फडकं सोडलं आणि आतलं जे होतं ते डाव्या तळहातावर ठेवून हात पुढे केला.

दानीला काही कळलं नाही. कस्तुरीला कळलं, तिनं तोंडावर पदर धरला. नीलव्वा वाकली, बोट लावून बघितलं.

"हे काय आहे?"

"गोटा. नदीतला."

"आणि लिंग?"

"गेलं, अव्वा. जत्रेला गेलो होतो तेव्हा. सतराचा होतो. तू नको म्हणालीस, तरी नदीत उतरलो."

"तुला तर पोहता येत नाही."

"येतं."

उळवप्पा मान खाली घालून बोलतच राहिले, थांबलो तर परत जमणार नाही असं. "आणि पुढच्या वर्षी अप्पा गेले. माझ्यामुळं गेले. तुला सांगितलं असतं तर तू मला घरात घेतलं नसतंस."

नीलव्वानं हात उगारला आणि अठ्ठावन्न वर्षांच्या लेकाच्या गालावर चापट मारली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातात असून असून किती जोर असणार. पण आवाज झाला.

"तुझे अप्पा काविळीनं गेले," ती म्हणाली. "डोळे हळदीसारखे झाले होते. दवाखान्यात चला म्हणून मी पाया पडले. म्हणाले, सुगी होऊ दे. सुगी झाली आणि तेही गेले. मी होते तिथं. तू कुठं होतास त्यात? एवढा धिप्पाड माणूस काय तुझ्या गळ्यातल्या गोट्यानं मेला? मला वाटायचं, माझा लेक आत कडी लावून देवाजवळ बसतो. तू तर भीत बसायचास रे. एकटाच. एक्केचाळीस वर्षं."

मग उळवप्पा रडले. मोठ्यानं, लहान पोर रडतं तसे. दानी त्यांच्या पाठीशी जाऊन बसली. माझं तिथं काही काम नव्हतं, तरी माझे पाय निघेनात.

मोठ्या रस्त्यावरून गाडीचा हॉर्न ऐकू आला. उळवप्पांनी डोळे पुसत भिंतीकडे बघितलं. "सहा दहा. गेली."

"पुढची किती वाजता?" नीलव्वानं विचारलं.

"सात पंचवीस," ते हुंदक्यातच म्हणाले.

तिनं त्यांच्या हातावरचा गोटा उचलला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. "उळवीत मठातल्या अय्यांकडून नवीन घेऊ. तोवर तुला जेवण नाही. मलाही नाही. ऊठ, तोंड धू."

पुढचं मला दानीनं सांगितलं. उळवीत म्हातारे अय्या मठाच्या ओसरीवर बसले होते. उळवप्पांनी सगळं सांगितलं. अय्या म्हणाले, "हरवलं? बरं. अंघोळ करून ये, बैस." एवढंच. दीक्षा झाली, लिंग मिळालं. उळवप्पांना म्हणे त्या सोपेपणाचा रागच आला. एवढंच होतं तर?

दुसऱ्या दिवशी राफ्टिंग. नीलव्वा होडीत बसली नाही. होडी जिथं काठाला लागते तिथं तिला आधीच नेऊन बसवलं. दीड तास ती दगडावर बसून होती, एका मुठीत काहीतरी घट्ट धरून. पाणी दिलं, घेतलं नाही. सावलीत चला म्हटलं, हलली नाही. मग वळणावरून होडी दिसली. तिनं बोटानं मोजलं. कस्तुरी एक, दानी दोन, आणि पुढच्या कोपऱ्यात वल्हं मारत असलेले, नखशिखांत भिजलेले उळवप्पा तीन. तिघे काठावर उतरेपर्यंत ती थांबली. मग पाण्यापर्यंत गेली, वाकली आणि मूठ उघडली.

"अज्जी, काय सोडलंस?" दानीनं विचारलं.

"त्याचंच होतं. दीड तास धरून बघितलं," नीलव्वा बोटं चोळत म्हणाली. "एवढंसं आहे, पण जड होतं गं."

सोमवारी दुपारी उळवप्पा माझ्या दुकानात आले. नाक उन्हानं सोललेलं. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "शालनक्का, नवीन पिशवी शिवा. या वेळी वरून उघडणारी. बटण लावा."

"आणि बटण तुटलं तर?" मी म्हटलं. खोड जात नाही.

त्यांच्या कपाळावर त्या जुन्या आठ्या उमटल्या. त्यांनी खरंच विचार केला, चांगला मिनिटभर. मग म्हणाले, "तर तुम्ही परत लावून द्या."